दुर्जनरावाचा विश्वास

"पन काऊन, मास्तर?"

असं वऱ्हाडीत 'का' विचारून आप्पा उजवा हात पुढं करायचे, तळवा वर. उत्तर जणू मी त्या तळव्यावर आणून ठेवायचं होतं. उत्तर मिळेपर्यंत तो हात खाली यायचा नाही. नाटकाच्या तालमीतली बाकीची मंडळी तोवर बाहेर जाऊन विडी ओढून यायची.

साखरखेर्ड्याच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी मूळचा खामगावचा. बदली होऊन तिकडं गेलो तेव्हा सोबत एक पेटी, एक कंदील आणि नाटकं लिहायची खोड घेऊन गेलो. गावाला दरवर्षी जत्रेला नाटक लागायचं आणि मला नट लागायचे, त्यामुळं आमचं जमून गेलं. त्या नाटकांत खलनायक कोण, हा प्रश्न कधी पडला नाही. तो ठरलेला होता. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणायचो. पूर्ण नाव सांगत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून तिथं आहेत, आणि मी जे सांगणार आहे ते घरातलं आहे.

आप्पांचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा. माणूस उंच, काळा, डोळे मोठे आणि जरासे बाहेर आलेले, मिशी अशी की तिच्यामागं तोंड आहे हे बोलल्याशिवाय कळू नये. आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. देवानं सगळी तयारी करून दिली होती, फक्त आत दुष्टपणा घालायला तो विसरला. हा माणूस वांगं देठापासून तोडतानासुद्धा झाडाला दुसऱ्या हातानं आधार द्यायचा. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा चेहरा एकाचा आणि स्वभाव दुसऱ्याचा.

एका साली त्यांनी नाटकात एका पोराला गडावरून लोटून दिलं. त्यानंतरच्या बाजारात माझ्यादेखत एका म्हातारीनं त्यांच्याकडून भाजी घ्यायला साफ नकार दिला. "तुह्या हातचं नाई घेत मी. तू त्या लेकराले लोटलं," म्हणाली. आप्पा गोणपाटावरून उठले आणि तिच्यामागं चार पावलं गेले. "आजी, तो मरत नाई. तिसऱ्या अंकात येते तो. तू आधीच उठून गेली असशीन. घे, वांगे घे." म्हातारीनं वांगी घेतली, पण जाताना मला बजावलं, की मास्तर, त्या पोराले सांभाळा.

त्यांच्या 'काऊन'ला मी पहिल्यांदा सापडलो तो एका हसण्यावरून. मी कंसात लिहिलं होतं, 'विकट हास्य करतो'. आप्पांनी हात पुढं केला. "पन काऊन?" मी म्हटलं, खलनायक हसतो, तशी पद्धत आहे. "पद्धत ठीक हाये. पन कायच्यावर हासू? कोनी काई गंमत केली का?" शेवटी मी पहारेकऱ्याला घसरून पडायला लावलं, तेव्हा आप्पा हसले. ते इतकं छान हसले, की प्रेक्षक खलनायकाच्या बाजूचे झाले आणि माझा नायक दोन अंक फिका पडला.

तर अशा माणसाला मी 'काळगडचा सरदार' हे माझं नवं नाटक दिलं. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं नाटक होतं. माझं मत त्या वयात फार पक्कं असायचं.

गोष्ट साधी होती. दुर्जनराव नावाचा सरदार कपटानं काळगड बळकावतो. गडाचा खरा वारस, राजपुत्र, रानात लपून आहे. सखाराम नावाचा एक सेवक दुर्जनरावाच्या पदरी असतो, पण तो राजपुत्राचा माणूस असतो. इकडचं तिकडं सांगतो. संशय येऊ नये म्हणून थोडं तिकडचंही इकडं आणून देतो. तिसऱ्या अंकात दुर्जनराव मागच्या दरवाजाची किल्ली विश्वासानं याच सखारामच्या हातात देतो, सखाराम दार उघडतो, आणि दुर्जनराव मरतो. राजपुत्र आमचा पोस्टमन होता, सखाराम आमचा शिंपी आणि दुर्जनराव अर्थातच आप्पा.

आप्पांनी वाचन शेवटपर्यंत ऐकलं आणि हात पुढं केला.

"हा सखाराम दर अमावास्येले गड उतरते. येतानी त्याच्या पायाले रानातली लाल माती ऱ्हायते. गडावर काळी माती. दुर्जनरावाले डोये नाईत का? मंग त्याले किल्ली काऊन देते?"

"दुर्जनराव मूर्ख आहे," मी म्हटलं.

"मूर्ख मानसानं गड जितला असता का?"

"मग गर्विष्ठ आहे. आपल्याला कोण फसवणार, असं त्याला वाटतं."

"गर्व असते तो मानूस त दुप्पट पाहाते, मास्तर. माह्या शेजारी बसनारा माळी पाहा ना. आपल्या मिरचीचा गर्व हाये त्याले, म्हनून दिवसभर माह्या मिरचीवर नजर ठुते."

"सखाराम गोड बोलतो."

"गोड बोलनाऱ्याले आमी बाजारात पह्यले तपासतो."

मी वैतागलो. "आप्पा, त्यानं किल्ली दिली नाही तर दार उघडत नाही. दार उघडलं नाही तर नाटक संपत नाही."

"हे तुमचं काऊन झालं," आप्पा शांतपणे म्हणाले. "त्याचं सांगा."

आणि ते अडून बसले. तालमीला वेळेवर यायचे, सगळे संवाद चोख म्हणायचे, पण किल्लीचा प्रवेश आला की किल्ली कमरेलाच. शिंपी बिचारा हात पुढं करून उभा राहायचा. "मास्तर सांगतीन तवा देईन," आप्पा म्हणायचे. जत्रा पंधरा दिवसांवर आली. एका रविवारी दुपारी मी त्यांची समजूत घालायला मळ्यात गेलो.

मळ्यात विहीर होती, आणि ती एकट्या आप्पांची नव्हती. निम्मी त्यांची, निम्मी थोरल्या भावाची. विहिरीच्या या अंगाला यांचं शेत, त्या अंगाला त्यांचं. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, पण विहीर कशी कापणार? म्हणून पाण्याची पाळी. चार दिवस थोरल्यांचं पाणी, चार दिवस आप्पांचं. बैल ज्याचे त्याचे, पण मोट एकच, आणि ती हाकणारा माणूसही एकच. संपत त्याचं नाव. चार दिवस तो त्यांचं मीठ खायचा, चार दिवस यांचं.

दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडील वारले त्या साली थोरल्यानं न विचारता त्यांचा बैल विकला, असं आप्पा सांगत. बैल म्हातारा होता, दाव्याला बांधल्या जागी मेला असता, आणि धाकट्यानं पंचांसमोर मला चोर म्हटलं, असं थोरले सांगत. दोन्ही खरं होतं. आप्पा कधी 'भाऊ' किंवा 'दादा' म्हणायचे नाहीत. 'तिकडं' म्हणायचे.

मी गेलो तेव्हा संपत मोट हाकत होता. बैल उताराच्या धावेवरून खाली गेले, चामड्याची मोट वर आली, पाणी काठावरच्या दगडी थारोळ्यात पडलं आणि पाटानं मिरचीकडं निघालं. आप्पा कुदळीनं पाट सारखा करत होते. संपत हडकुळा माणूस, हातात चाबूक असून तो बैलाला मारायचा नाही, जिभेनंच काम भागवायचा. बैल मागं घेता घेता म्हणाला, "मी आपलं कानावर घालतो आप्पा. तिकडं खोकला लय वाढला. काल त रातभर उठून बसले व्हते."

आप्पांनी वर पाहिलं नाही. "मंग?"

"मंग काई नाई. अडुळसा पाह्यजे म्हने, कुठं भेटत नाई."

आप्पा थोडा वेळ कुदळ चालवत राहिले. मग एकदम मोठ्यानं मला म्हणाले, "मास्तर, या बांधावर अडुळसा लय माजला बा. तोडून फेकाव म्हनतो." बांधावर अडुळशाचं एकच झुडूप होतं आणि त्याला आळं करून पाणी दिलेलं होतं. संध्याकाळी घरी जाताना संपतच्या पटक्यात पाल्याची गुंडाळी होती.

आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, मला चहा दिला आणि संपतकडं हात करून सांगितलं, "हा घरभेद्या हाये मास्तर. इथं काय शिजलं, ते तिकडं सांगते. आमच्या पोराची सोयरीक मोडली ते बी तिकडं त्याच दिवशी समजलं. म्या शंभरदा म्हनलं यायले, काढा त्याले. ऐकतीन तर ना!"

"राहू दे," आप्पा म्हणाले.

"मागच्या साली मले ताप आला, त हा सकाळीच शेळीचं दूध घेऊन आला. कुठून आनलं बे, त म्हने रस्त्यात सापडलं. सांगा मास्तर, शेळीचं दूध रस्त्यात सापडते का?" काकू चिडून सांगत होत्या, पण सांगताना त्यांनाच हसू आलं.

आप्पांचा मुलगा तिथंच होता. त्याचं वेगळंच दुखणं होतं. गावचा ग्रामसेवक घरोघर डिझेल इंजिनाची चित्रं दाखवत फिरायचा. दिवसाचं पाणी तासाभरात निघेल, बैल सुटतील, माणूस सुटेल. मुलाच्या डोक्यात इंजिन बसलं होतं. "आप्पा ऐकतच नाईत," तो म्हणाला. "पुढच्या साली पाहू म्हनते. तीन वर्सं झाले, पुढचं साल येऊनच नाई राह्यलं."

"इंजिनाचा आवाज मिरचीले मानवत नाई," आप्पा म्हणाले. असलं काही मिरचीबद्दल मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

मी मास्तर माणूस. दोन आणि दोन चार करायला मला तरीही घरापर्यंतचा अर्धा रस्ता लागला. मग मी आलो तसा परत फिरलो. आप्पा पाटावर पाय धूत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि त्यांच्यासारखाच हात पुढं केला.

"आप्पा, संपत तिकडं सगळं सांगतो हे ठाऊक असून तुम्ही त्याला ठेवलाय. काऊन?"

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. पाय धुवायचे थांबले, माझ्याकडं बघितलं आणि मग दुसरीकडं. "तुमी जा मास्तर," म्हणाले. "दिवस कलला."

दोन दिवस ते तालमीला आले नाहीत. मी घाबरलो. जत्रा तोंडावर आणि खलनायक रुसलेला. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आले, व्हरांड्यात खांबाला टेकून बसले आणि जमिनीकडं बघत बोलले. "मास्तर, लिहा. दुर्जनरावाले सारं माहीत हाये. पह्यल्या दिवसापासून माहीत हाये. पन तिकडून येनारा तोच एक मानूस हाये. त्याले काढलं, त मंग तिकडचं कोन सांगन?" मग म्हणाले, "अन् तो राजपुत्र कोनी परका नका ठेवू. भाऊ करा त्याले."

मी त्याच बैठकीत प्रवेश पुन्हा लिहिला. खरं सांगायचं तर लिहिताना मला फार आनंद होत होता. आपल्या हातून काहीतरी मोठं लिहून होतंय, असं वाटत होतं. एका माणसानं आपलं दुखणं माझ्यापुढं ठेवलं होतं आणि मी त्यातून चांगला संवाद निघतो का ते बघत होतो. हे मला तेव्हा कळलं नाही.

जत्रेत नाटक दिवेलागणीला सुरू झालं. सगळं गाव आलं होतं. थोरले भाऊसुद्धा आले होते, तिसऱ्या रांगेत गोणपाटावर, डोक्याला मफलर गुंडाळून. दरवर्षी यायचे ते. अकरा वर्षं बोलणं नसलेला माणूस धाकट्या भावाचं एक नाटक चुकवायचा नाही, हेही माझ्या लक्षात यायला हवं होतं.

किल्लीचा प्रवेश आला. आप्पांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्यांचा तो तीन शेतं ओलांडणारा आवाज एकदम खाली आणला. "सखाराम, तू अमावास्येला कुठं जातोस, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तू गेलास की मी तटावर उभा राहतो. तू परत येतोस तेव्हा तुझ्या कपड्यांना माझ्या भावाच्या शेकोटीचा वास असतो. तो मला दुसरं कोण आणून देणार? ही घे किल्ली. तिकडं सांग, ही मी माझ्या हातानं दिली."

जत्रेच्या गर्दीत इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. ती चार-पाच क्षण टिकली असेल. मग मागून कुणीतरी ओरडलं, "संपत, ऐकलं का बे? जाय, तिकडं सांग!"

सगळं गाव हसलं. दुष्टपणानं नव्हे, गावाला सगळं ठाऊक होतं म्हणून हसलं. आणि हसता हसता सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. थोरले उठले, धोतर झटकलं आणि माणसांतून वाट काढत निघून गेले. आप्पांनी ते मंचावरून पाहिलं. पुढच्या प्रवेशात राजपुत्रानं त्यांना तलवारीनं मारायचं होतं. पोस्टमनची तलवार म्यानात अडकली, ती निघायच्या आतच आप्पा मरून पडले.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. मला फार लाज वाटत होती. आप्पा मिरच्या निवडत होते. "तुमी लिवलं ते खोटं नव्हतं," म्हणाले. "पन घरातलं खरं असं चारचौघात नाई मांडाव, मास्तर. तिकडं लय मानी हायेत." मला बसायला गोणपाट सरकवलं. यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महाशिवरात्रीच्या सुमारास थोरल्यांच्या जावयानं जालन्याहून इंजिन आणलं. विहिरीच्या त्या अंगाला चौथरा बांधला, आणि एका सकाळी त्याचा फटफटाट सुरू झाला. थोरल्यांच्या चार दिवसांचं पाणी एका दिवसात निघू लागलं. संपतची तिकडची पाळी संपली. नुसती कामापुरती संपली असं नाही. 'त्याच्या घरच्या माणसाचा पाय माझ्या बांधावर नको,' असा थोरल्यांचा निरोप आला. तो घेऊन संपतच आला. त्याचा तो शेवटचा निरोप.

आप्पांनी आपल्या चार दिवसांची मोट चालू ठेवली. मुलगा चिडला, काकूंनी कपाळाला हात लावला. शेजारी इंजिन चालतंय आणि हे बैल हाकतायत, गाव हसायला लागलं. आप्पा पाट सारखा करता करता सवयीनं विचारायचे, "मंग?"

"मंग काई नाई, आप्पा," संपत म्हणायचा. "मी आता तिकडं जातच नाई."

त्या उन्हाळ्यात आप्पा वाळले. बाजारात भाजी मांडून बसायचे, पण गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागायची. पावसाळा गेला. दसऱ्यानंतरच्या एका बाजारात शेजारच्या माळ्यानं बोलता बोलता सांगितलं, की थोरल्यांनी अंथरूण धरलंय. पंधरा दिवस झाले, अन्न जात नाही. आप्पा भाजी तशीच टाकून उठले आणि थेट माझ्याकडं शाळेत आले. वर्ग चालू होता. दारात उभे राहून म्हणाले, "पंधरा दिवस, मास्तर. पंधरा दिवसांचे दुखनाईत हायेत, अन् मले बाजारात समजते." मुलं त्यांना बघून नेहमी हसायची किंवा लपायची. त्या दिवशी गप्प बसली.

मी वर्ग सोडला आणि आम्ही मळ्यात गेलो. आप्पांनी संपतला बोलावलं. "जाय. काई बी कर, पन आत जाय. कसं हाये पाहून ये."

संपत धावेच्या कडेला बसला होता. उठला नाही. एवढं आप्पांचं मीठ खाल्लेला माणूस, पण उठला नाही. "मी नाई जात," म्हणाला. "आप्पा, मी अकरा वर्सं इकडची चुगली तिकडं केली अन् तिकडची इकडं. तुमाले माहीत व्हतं, त्यायले बी माहीत व्हतं. मले बी माहीत व्हतं का तुमा दोघायले माहीत हाये. अडुळसा नेला, दूध आनलं. पन दुखनाईत मानसाले मी काय सांगू? तुमचा जीव तुटून राह्यला, हे मी सांगू? ते तुमीच सांगा."

मला वाटलं, आता आवाज चढणार. त्यांनी फक्त डोक्यावरचं पागोटं नीट केलं आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमी चला संगं."

थोरल्यांचं घर मारुतीच्या देवळाच्या मागं होतं. दुपारची वेळ. त्यांच्या बायकोनं आम्हाला दारात पाहिलं, आणि बाजूला झाली. आत बाजेवर थोरले होते. तेच मोठे डोळे, तशीच मिशी, पण सगळं आक्रसलेलं. मी बाजेजवळ जाऊन बसलो. आप्पा उंबऱ्यावरच थांबले, चौकट धरून. काळगड जिंकणारा तो माणूस, त्याला पुढं पाऊल टाकता येईना. शेवटी मला म्हणाले, "मास्तर, विचारा यायले. तब्येत कशी हाये?"

थोरल्यांनी छताकडं बघत उत्तर दिलं. "मास्तर, सांगा त्याले. बरी हाये."

"औषध कोनाचं चालू हाये, विचारा."

"मेहकरच्या डाक्टरचं, सांगा."

दोघांमधलं अंतर चार हात असेल. मी एकदा इकडं बघत होतो, एकदा तिकडं. माझ्या लक्षात आलं, की मी संपतच्या जागेवर बसलोय, आणि मी बसून राहिलो तर हे दोघे उरलेला जन्म असेच बोलतील. त्या घरात माझ्याकडून एकच चांगलं काम होण्यासारखं होतं. मी उठलो. "मी जरा बाहेर पाणी पितो," म्हटलं, आणि आप्पांच्या बाजूनं अंग चोरून अंगणात आलो.

थोरल्यांची बायको अंगणात तुळशीजवळ उभी होती, पदर तोंडाला लावून. मीही तिथंच उभा राहिलो.

मग आतून थोरल्यांचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"जेवला का रे?"

आप्पांचा आवाज आला. "नाई, दादा."

"मंग बस."

बाई पळतच आत गेली आणि आतून ताट वाजलं. मी तसाच घरी निघून आलो. रस्त्यात मी रडलो, हे सांगायला आता हरकत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. आप्पांच्या मळ्यात इंजिन आलं आणि ते चालवायला संपतच राहिला. थोरले माघात गेले. आप्पा पुढं पुष्कळ वर्षं जगले. माझी बदली चिखलीला झाली आणि त्यांच्या जाण्याची बातमी मला महिनाभर उशिरा समजली. नाटकात मात्र ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

थोरले आजारी होते त्या साली दिवाळीनंतर तालमी सुरू व्हायच्या होत्या, तेव्हा मी त्यांना बोलवायला गेलो होतो. मळ्यात नव्हते. ते कुठं असतील हे विचारायची गरज नव्हती. थोरल्यांच्या घराचं दार उघडंच होतं. थोरले बाजेवर झोपले होते. आप्पा पायथ्याशी बसून त्यांचे पाय दाबत होते, हळूहळू, एकसारखे. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली. तो भयंकर चेहरा माझ्याकडं वळला, आणि त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं.

मी चपला हातात घेऊन मागं फिरलो. शाळेच्या व्हरांड्यात मंडळी वाट बघत होती. यंदा खलनायक दुसरा बघावा लागेल, असं मी त्यांना सांगितलं.